यादीतील अनोळखी यंत्र

सॉफ्टवेअरच्या व्यवहारात ग्राहक पैसे मोजतो ते बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरच्या मालकीसाठी नव्हे, तर ते ठरावीक अटींवर वापरण्याच्या परवानगीसाठी. या परवानगीलाच परवाना म्हणतात, आणि तिच्या अटींमध्ये जवळजवळ नेहमी एक अट असते ती यंत्रांच्या संख्येची. एकच प्रत किती संगणकांवर चालावी यावर उत्पादकाचे उत्पन्न अवलंबून असल्यामुळे ही संख्या मोजण्याच्या पद्धती गेली चार दशके सतत बदलत आल्या आहेत, आणि आज ती मोजणी ग्राहकाच्या ऑनलाइन खात्यातील एका यादीच्या रूपाने त्याच्यासमोर येते. त्या यादीत ओळखीचे नसलेले एखादे यंत्र दिसले की मनात दोन शंका उभ्या राहतात: कोणी खात्यात शिरले आहे काय, आणि आपण पैसे भरलेली जागा दुसराच कोणी वापरतो आहे काय. दोन्ही शंका रास्त आहेत. मात्र त्यांचे उत्तर यादीवर नुसती नजर टाकून मिळत नाही, कारण तेथे दिसतात त्या यंत्रांविषयी कधीतरी, कोणत्यातरी सर्व्हरने करून ठेवलेल्या नोंदी. या नोंदी कशा तयार होतात हे आधी पाहिले पाहिजे.

यंत्र ओळखण्याचा सर्वांत जुना आणि सरळ मार्ग म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तू. १९८० च्या सुमारास कमोडोर पेट या संगणकावरील वर्डक्राफ्ट या लेखन-सॉफ्टवेअरसोबत एक छोटे जोडयंत्र दिले जात असे आणि ते संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नसे. अशा जोडयंत्राला डोंगल म्हणतात आणि काही महागड्या अभियांत्रिकी सॉफ्टवेअरसोबत ते अजूनही येते. घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने खरा बदल घडला तो ऑक्टोबर २००१ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीबरोबर. ही प्रणाली बसवल्यावर तीस दिवसांच्या आत इंटरनेटवरून किंवा फोनवरून तिचे सक्रियण, म्हणजे ॲक्टिव्हेशन, करून घ्यावे लागे. सक्रियणाच्या वेळी प्रोसेसर, हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड अशा दहा प्रकारच्या भागांच्या माहितीवरून एक आकडा तयार होई आणि तो आकडाच त्या संगणकाची ओळख ठरे. यांपैकी एखाद-दुसरा भाग बदलला तर प्रणाली तक्रार करत नसे. बदल ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की मात्र तिच्या लेखी तो संगणक नवा ठरे आणि पुन्हा सक्रियण मागितले जाई. यंत्राची ओळख ही अशी अंदाजावर, जुळणाऱ्या खुणांच्या बेरजेवर उभी असते, हे तत्त्व तेव्हापासून आजवर टिकून आहे, आणि अनोळखी यंत्रांच्या प्रश्नाचे मूळही तेथेच आहे.

परवाना यंत्राशी किती घट्ट बांधावा याबद्दल उत्पादकांचेही मत डळमळत राहिले आहे. २०१३ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१३ चा किरकोळ विक्रीचा परवाना पहिल्या संगणकाशी कायमचा बांधला होता. म्हणजे तो संगणक बंद पडला तर परवानाही त्याच्यासोबत संपणार होता. ग्राहकांनी याला जोरदार विरोध केला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने माघार घेऊन दर नव्वद दिवसांतून एकदा परवाना दुसऱ्या संगणकावर हलवण्याची मुभा दिली. ग्राहकांनी आवाज उठवला तर अटी बदलतात याचे हे चांगले उदाहरण असून ते फारसे लक्षात ठेवले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पुढे २०१६ मध्ये विंडोज १० चा परवाना ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याची सोय आली, आणि परवान्याचा केंद्रबिंदू यंत्राकडून माणसाकडे, म्हणजे त्याच्या खात्याकडे सरकला.

खाते केंद्रस्थानी आल्यावर प्रत्येक उत्पादकाने मर्यादा आपापल्या पद्धतीने आखली. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वैयक्तिक परवान्यात सॉफ्टवेअर कितीही यंत्रांवर बसवता येते, पण एका वेळी पाचच यंत्रांवर लॉगिन राहू शकते. कौटुंबिक परवान्यात सहा जणांना प्रत्येकी पाच यंत्रांची मुभा असते. अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये वैयक्तिक ग्राहकाला एका वेळी दोन संगणक सक्रिय ठेवता येतात आणि तिसऱ्यावर लॉगिन केल्यास आधीच्या यंत्रावरून बाहेर पडण्याची सूचना येते. ॲपलने २००३ मध्ये संगीताचे ऑनलाइन दुकान उघडले तेव्हा विकत घेतलेली गाणी तीन संगणकांवर वाजवता येत. पुढच्याच वर्षी ही संख्या पाच झाली, आणि पाचही जागा भरल्या तर सर्व संगणकांची अधिकृतता एकदम रद्द करण्याची सोय वर्षातून एकदाच ठेवण्यात आली. संगणक विकण्यापूर्वी किंवा त्याला फॉरमॅट मारण्यापूर्वी त्याची अधिकृतता काढून घ्यायची असते हे अनेकांना ठाऊक नसल्यामुळे एकाच संगणकाने दोन-दोन जागा अडवल्याचा अनुभव ॲपलच्या असंख्य ग्राहकांना आला आहे.

येथे तीन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे, कारण खात्याच्या पानावर त्या बहुधा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे स्थापना, म्हणजे सॉफ्टवेअरच्या फाइली त्या यंत्रावर असणे. दुसरी म्हणजे सक्रियण, म्हणजे परवान्यातील एक जागा त्या यंत्राच्या नावे मांडली जाणे. आणि तिसरी म्हणजे सत्र, म्हणजे त्या यंत्रावरून कोणीतरी खात्यात लॉगिन करून असणे. सत्र चालू ठेवण्यासाठी सर्व्हर यंत्राला एक सांकेतिक मजकूर देतो, त्याला टोकन म्हणतात. ब्राउझरमध्ये तो कुकी नावाच्या छोट्या फाइलीत साठवला जातो आणि तो असेपर्यंत पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही. यंत्रावरचे सॉफ्टवेअर काढून टाकले तरी सक्रियणाची जागा अडलेली राहू शकते, जागा मोकळी केली तरी सत्र चालू राहू शकते, आणि सत्र संपले तरी यादीतील नाव तसेच राहू शकते. अनोळखी नोंद नेमकी या तिन्हींपैकी कशाची आहे हे न पाहता ‘काढून टाका’ हे बटण दाबणारा ग्राहक पुष्कळदा फक्त नाव पुसतो, आणि खात्यात शिरलेला माणूस आतच राहतो.

आता मूळ प्रश्न: स्वतःचेच यंत्र अनोळखी का दिसते? पहिले कारण नावात आहे. विंडोज बसवताना मालकाने नाव दिले नाही, तर प्रणाली ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे सात अक्षरे व अंक जोडून स्वतःच एक नाव बनवते. ते नाव मालकाने कधी वाचलेले नसते, आणि संगणकाला फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा बसवले की नवे नाव तयार होते. परिणामी एकाच लॅपटॉपच्या दोन किंवा तीन नोंदी वेगवेगळ्या नावांनी यादीत बसतात, त्यांतील जुन्या नोंदी अनोळखी वाटतात आणि त्या जागाही अडवून धरतात. मोबाइलच्या बाबतीत बाजारातील नावाऐवजी उत्पादकाचा अंतर्गत क्रमांक दिसतो. फोनच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला हा क्रमांक ताडून पाहिला तर बरेचदा तेथेच शंका मिटते. मदरबोर्ड बदलला असेल, एकाच संगणकावर दोन प्रणाली बसवल्या असतील किंवा संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला आभासी संगणक चालवला असेल, तरी प्रत्येक वेळी स्वतंत्र यंत्र मोजले जाऊ शकते.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे आणि त्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, आणि अनेक याद्या याच ओळीवरून भरल्या जातात. पण ही ओळ आता जाणीवपूर्वक अपुरी ठेवली जाते, कारण तिच्या आधारे जाहिरात कंपन्या माणसांचा माग काढू लागल्या होत्या. गूगलच्या क्रोम ब्राउझरने २०२३ पासून अँड्रॉइड फोनवर या ओळीत खरी आवृत्ती आणि खरे मॉडेल देणे थांबवले असून प्रत्येक फोन स्वतःला ‘अँड्रॉइड १०’ आणि मॉडेलच्या जागी ‘के’ एवढेच म्हणवतो. विंडोज ११ वरचे ब्राउझरही या ओळीत विंडोज १० असेच सांगतात. २०१९ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरील सफारी स्वतःला मॅक संगणक म्हणून सादर करतो, त्यामुळे घरात कधीही मॅक नसलेल्या कुटुंबाच्या यादीत मॅक दिसू शकतो. ब्राउझरच्या खासगी विंडोतून लॉगिन केल्यास ती बंद होताच कुकी पुसली जाते, म्हणून पुढच्या वेळी तेच यंत्र पुन्हा नवे ठरते. खासगीपणा जपण्यासाठी केलेल्या या सुधारणा योग्यच आहेत. फक्त त्यांची किंमत म्हणून खातेदाराला स्वतःची यंत्रे ओळखणे अवघड झाले आहे, आणि उत्पादकांनी आपल्या याद्यांमध्ये याचे स्पष्टीकरण देण्याची तसदी घ्यायला हवी होती.

तिसरे कारण ठिकाणाचे. नोंदीशेजारी दिसणारे गाव हे यंत्राच्या उपग्रह-स्थाननिर्देशावरून क्वचितच ठरते. ते बहुधा आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, अंदाजाने काढलेले असते. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे ४३० कोटीच आहेत आणि आशिया-पॅसिफिक विभागासाठीचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्येच अखेरच्या राखीव गटापर्यंत आला. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्या एकाच पत्त्यामागे हजारो ग्राहक जोडतात आणि तो पत्ता कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहरात नोंदलेला असतो. रत्नागिरीत किंवा गडहिंग्लजमध्ये बसून मोबाइल डेटावर लॉगिन केलेल्या माणसाला यादीत मुंबई दिसते ती यामुळे. कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे सर्व वाहतूक दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमधून वळवणारी जोडणी, चालू असेल तर सिंगापूर किंवा नेदरलँड्सही दिसू शकते. म्हणून परके गाव हा स्वतंत्र पुरावा मानता येत नाही. तारीख, वेळ, यंत्राचा प्रकार आणि ठिकाण हे चारही एकत्र पाहावे लागतात, आणि त्यांतील वेळ हा सर्वांत विश्वासार्ह घटक ठरतो, कारण ती सर्व्हरच्या घड्याळाने लावलेली असते. रात्री तीन वाजता, घरातील सारी यंत्रे बंद असताना झालेले लॉगिन हे परक्या शहराच्या नावापेक्षा कितीतरी अधिक बोलके असते.

घरातल्या घरात विचारपूस करणेही तितकेच आवश्यक आहे. पुण्यातील आईवडील आणि परदेशात शिकणारी किंवा नोकरी करणारी मुले एकच खाते व एकच पासवर्ड वापरतात असे मराठी कुटुंबांत सर्रास आढळते, आणि मग मुलाच्या नव्या फोनची नोंद आईला अनोळखी वाटते. कौटुंबिक परवाना घेतला असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र खाते देण्याची सोय त्याच किमतीत असते. ती न वापरता पासवर्ड वाटून घेणे म्हणजे स्वतःच्याच यादीवरचा ताबा सोडणे होय.

या सर्व शक्यता तपासूनही नोंदीचा उलगडा झाला नाही, तर मात्र घुसखोरी गृहीत धरूनच पुढे जावे. घुसखोर बहुधा कुलूप फोडून आत येत नाही. त्याच्याकडे किल्ली असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये अडोबीने आपल्या सर्व्हरवरून ग्राहकांची माहिती चोरीस गेल्याचे जाहीर केले. सुरुवातीला २९ लाख ग्राहकांचा उल्लेख झाला, नंतर सक्रिय खात्यांची संख्या ३ कोटी ८० लाख असल्याचे कंपनीने मान्य केले, आणि इंटरनेटवर फिरू लागलेल्या फाइलीत तर १५ कोटींच्या आसपास नोंदी होत्या. त्या फाइलीतील पासवर्ड अशा रीतीने सांकेतिक केलेले होते की सारख्या पासवर्डचे सांकेतिक रूपही सारखेच येई, आणि पासवर्ड आठवण्यासाठी ग्राहकांनी लिहिलेल्या सूचना उघड्या मजकुरात होत्या; त्यामुळे हजारो लोकांच्या सूचना एकत्र वाचून पासवर्ड ओळखता येत होते. असा पासवर्ड एकदा उघड झाला की तो इतर शेकडो सेवांवर यांत्रिक पद्धतीने लावून पाहिला जातो, आणि जो माणूस सगळीकडे एकच पासवर्ड वापरतो त्याची सगळीच खाती उघडतात. दुसरा मार्ग कुकी चोरण्याचा आहे. फुकटात मिळणाऱ्या ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येणारे चोर-प्रोग्राम ब्राउझरमधील टोकन उचलून नेतात, आणि टोकन हाती आले की पासवर्ड किंवा ओटीपी यांपैकी काहीच लागत नाही. रेडलाइन नावाचा असाच प्रोग्राम चालवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय कारवाईत बंद पाडण्यात आली. पैसे वाचवण्यासाठी बेकायदा प्रत बसवणारा माणूस अनेकदा आपल्या रीतसर घेतलेल्या परवान्यांची खातीही त्याच वेळी गमावतो.

उपाययोजनेत क्रमाला फार महत्त्व आहे. सर्वप्रथम यादीचे आणि अलीकडच्या लॉगिनच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण नोंद पुसल्यावर पुरावाही पुसला जातो आणि मायक्रोसॉफ्टसारख्या खात्यात अलीकडची हालचाल सुमारे तीस दिवसांपुरतीच दिसते. त्यानंतर ज्या ईमेलवर ते खाते उभे आहे तो ईमेल सुरक्षित करावा. घुसखोराचा ताबा ईमेलवर असेल तर परवान्याच्या खात्याचा बदललेला पासवर्ड तो पाच मिनिटांत पुन्हा बदलू शकतो. ईमेलमध्ये परस्पर दुसरीकडे संदेश वळवणारा नियम कोणी घालून ठेवला आहे काय, आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आपलाच आहे काय, हे दोन्ही तपासावे. मग परवान्याच्या खात्याचा पासवर्ड बदलून दोन पायऱ्यांची पडताळणी सुरू करावी, आणि त्यानंतर ‘सर्व ठिकाणांहून बाहेर पडा’ ही आज्ञा द्यावी. पासवर्ड बदलल्याने जुनी टोकने प्रत्येक सेवेत आपोआप रद्द होतातच असे नाही, म्हणून ही आज्ञा वेगळी द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात तिचा परिणाम सगळीकडे पोहोचायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, तेवढ्यात घाबरून जाऊ नये. यंत्रांच्या यादीतून नाव काढणे आणि अडलेली जागा मोकळी करणे ही पायरी सर्वांत शेवटची. टोकन चोरीला गेल्याचा संशय असेल, तर हे सारे दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून करावे आणि संशयित संगणकाला फॉरमॅट मारावा, अन्यथा नवा पासवर्डही त्याच वाटेने जाईल.

या गडबडीत आणखी एक धोका संभवतो. ‘तुमच्या खात्यात नव्या यंत्रावरून लॉगिन झाले’ असा खोटा ईमेल पाठवून पासवर्ड काढून घेणे ही फसवणुकीची रुळलेली पद्धत आहे, त्यामुळे अशा संदेशातील दुव्यावर क्लिक न करता पत्ता स्वतः टाइप करून खात्यात जावे. ग्राहकसेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधून फोन केल्यास पलीकडे भामटा असू शकतो. यंत्र दुरून हाताळू देणारे एनीडेस्कसारखे ॲप बसवायला लावून पैसे लुटले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. उत्पादकाची मदत हवी असल्यास ती खात्याच्या आतूनच मागावी.

कार्यालये व महाविद्यालयांत हीच समस्या नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या आणि उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपच्या रूपाने उभी राहते, आणि तिचा उपाय तांत्रिक नसून कार्यालयीन शिस्तीचा आहे. एवढे मात्र ठाऊक असावे की भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. व्यक्तीला १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवता येते; दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

अनोळखी यंत्रांचा आणखी एक उगम थेट बाजारात आहे. ‘आयुष्यभरासाठी ऑफिस’ अशा जाहिरातीने काहीशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या मालात ग्राहकाला स्वतःचे खाते मिळतच नाही. विक्रेता तयार वापरनाव आणि पासवर्ड देतो, ते खाते कोणत्यातरी संस्थेच्या सामूहिक परवान्यातील असते, आणि त्या संस्थेचा व्यवस्थापक ते केव्हाही बंद करू शकतो व त्यात साठवलेल्या फाइलींपर्यंत पोहोचू शकतो. अशा खात्यात अनोळखी यंत्र ग्राहकाचेच असते. रीतसर घेतलेल्या मालातही वेगळ्या प्रकारे हेच घडते: गावोगावच्या दुकानांत अँटिव्हायरस किंवा ऑफिस बसवून देणारा कारागीर सोयीसाठी स्वतःच्याच ईमेलवर नोंदणी करतो, एकाच ईमेलवर पंधरा-वीस गिऱ्हाइकांचे परवाने चढतात, आणि दोन वर्षांनी संगणक बदलताना पावती हातात असूनही ग्राहकाला आपली जागा मोकळी करता येत नाही. म्हणून दुकानातून उठण्यापूर्वी नोंदणीचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच घातला आहे याची खात्री प्रत्येक ग्राहकाने करून घ्यावी, आणि ज्यांनी आजवर ती केलेली नाही त्यांनी दुकानदाराकडून ती नोंदणी आपल्या नावावर बदलून मागावी. तो त्यांचा हक्क आहे.